गिरणीवाल्या बाईची लाल गाडी

माणसाने साधी चारचाकी घेतली तर लोक पेढे खातात आणि विसरून जातात. पण पन्नाशीच्या बाईने, किन्हवलीसारख्या गावात, दोन सीटची जुनी विलायती स्पोर्ट्स कार घेतली की विषय संपतच नाही! मी गिरणीत भात भरडत असते आणि लोक रांगेत उभे राहून विचारतात, "ताई, काल काय झालं?" रोज काहीतरी झालेलंच असतं. डोक्यात इतके किस्से साठलेत की सांगून मोकळं झाल्याशिवाय गत्यंतर नाही.

*

आधी हे वेड लागलं कसं ते सांगते. माझं माहेर तानसाजवळचं. लहान असताना तलावाकडच्या रस्त्यावर एकदा शूटिंग आलं होतं. अण्णांच्या सायकलच्या दांडीवर बसून मी बघायला गेले. हिरो-हिरॉइनकडे सगळ्या गावाचं लक्ष, आणि माझं मात्र त्यांच्या गाडीकडे! लालभडक, टप उघडं, पुढे दोन गोल डोळे. हिरॉइन स्वतः चालवत होती आणि तिचे केस उडत होते.

मी अण्णांना म्हटलं, "मला पण अशी पायजे."

अण्णांनी सायकल वळवली. म्हणाले, "पैले दांडीवरून उतर. सायकल शिक!"

सायकल शिकले, स्कूटर शिकले, टेम्पो शिकले. गाडी मात्र डोक्यातून उतरली नाही.

*

मुरबाडच्या पुढे फर्नांडिस अंकल राहतात. जहाजावर इंजिनिअर होते, आता शेती करतात. त्यांच्या घरचं भात आमच्याच गिरणीत येतं. एकदा तांदूळ पोचवायला मी टेम्पो घेऊन गेले, तर गोठ्यात पेंढ्याखालून काहीतरी लाल डोकावत होतं. मी पेंढा बाजूला केला. आणि तिथेच खाली बसले! तीच. अगदी तीच नसेल, पण तसलीच.

अंकल म्हणाले, "विकायची नाही. मुंबईचा एक माणूस आलेला. हॉलमध्ये ठेवणार म्हणाला, काचेच्या पार्टिशनमागे. मी त्याला हाकलला. तू घेतलीस तर काय करशील?"

"रोज गिरणीत घेऊन जाईन," मी म्हटलं.

"पाऊस आला तर?"

"भिजेन."

अंकलनी खुंटीवरची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. पुढे व्यवहाराचं बोलणं दोन दिवस चाललं, पण गाडी माझी झाली ती त्या क्षणी!

घरी येऊन मिस्टरांना सांगितलं. ते शाळेत गणित शिकवतात, फार बोलत नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छप्पर नाय हिला?"

"नाही ना! तीच तर मजा आहे!"

"सगळी दुनिया छप्पर घालायला पैसे देते," ते चष्मा पुसत म्हणाले, "आणि आमच्या घरात छप्पर नाय म्हणून देतात."

*

गाडी घरी आणली ट्रॅक्टरला बांधून, कारण ती चालू होत नव्हती. पुढे ट्रॅक्टर, मागे दोरीवर लाल गाडी, आणि स्टिअरिंगवर मी, गॉगल घालून. मुद्दाम विकत घेतला होता! सरळगावच्या बाजारातून जाताना लोक भाजी टाकून बघायला आले. एक आजोबा माझ्या बाजूने चालायलाच लागले.

"नवी घेतलीस गो?"

"हो ना, आजोबा!"

त्यांनी दोरी बघितली, ट्रॅक्टर बघितला, मला बघितलं.

"नांगर कुठं लावणार?"

*

मिस्त्री बोलवायचा दिवस ठरवला. कल्याणहून येणार होता, मोठ्या मिनतवारीने तयार झालेला. आदल्या सकाळी मी हौसेने सीटमागची ताडपत्री उचलली, तर तिथे कोंबडी! फुगून बसलेली, माझ्याकडे लाल डोळ्यांनी बघणारी. खाली अंडी.

कोंबडी काशीबाईची. काशीबाई म्हणजे आमच्यामागच्या ठाकूरवाडीतली, माझी जुनी मैत्रीण. जंगलातली करवंदं पहिली माझ्याकडे आणते आणि भांडायलाही पहिली माझ्याकडेच येते. तिला हाक मारली. आली, वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खुडूक बसलीय. आता नाय उठायची."

"अगं, उद्या मिस्त्री येणार आहे! इंजिन चालू करायचंय!"

"आवाजानं अंडी गदळतील, नासतील. पिल्लं निघू दे."

"आणि तोवर गाडी?"

"गाडी कुठं जातंय पळून?" काशीबाई म्हणाली. "आतापावेतो पळली काय?"

मिस्त्रीला फोन करून पुढची तारीख मागितली. कारण विचारलं तर खरं ते सांगितलं. त्याने ते परत एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "मॅडम, मी पंचवीस वर्षं गाड्या करतोय. हे कारण नवीन आहे."

पिल्लं निघाली. सगळी जगली. त्यातल्या एका लाल पिल्लाचं नाव काशीबाईने गाडीच ठेवलं!

*

शेवटी गाडी चालू झाली तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. इंजिन आधी खोकलं, मग निळा धूर, आणि मग अशी काही गुरगुरली की माझ्या अंगावर काटा आला. मी रडले. खोटं कशाला बोलू? मिस्त्रीसमोर, काशीबाईसमोर, घळाघळा रडले आणि तशीच गाडी काढली. किन्हवलीच्या बाहेर, दोन्ही बाजूला शेतं, वारा तोंडावर, आणि मी मोठमोठ्याने ओरडतेय! कोणत्या शब्दाने ओरडत होते ते आठवत नाही. शब्द नव्हताच बहुतेक.

पहिल्याच स्पीडब्रेकरला सायलेन्सर गळून पडला. गाडी इतकी बसकी की रस्त्यातला खडासुद्धा तिला लागतो. सायलेन्सर निवला तसा मांडीवर घेऊन परत आले.

आता आमची गिरण चालते लाइटवर. लाइट गेली की जुनं डिझेल इंजिन लावतो, त्याचा आवाज अख्ख्या पंचक्रोशीला पाठ. आणि सायलेन्सर नसलेल्या माझ्या गाडीचा आवाज हुबेहूब तसाच! त्या दिवशी लाइट नव्हती. गाडी बंद केली तर परत चालू होईल की नाही या भीतीने मी ती गिरणीच्या अंगणात चालूच ठेवली आणि आत पाणी प्यायला गेले.

बाहेर येते तर पोती घेऊन माणसं उभी! बायका टोपल्या घेऊन! सगळ्यांत पुढे गोपाळमामा. त्यांना ऐकायला कमी येतं, पण गिरणीचा आवाज बरोबर येतो. त्यांनी भाताचं पोतं माझ्या लाल सीटवर ठेवलं होतं आणि बॉनेटच्या चहूबाजूंनी फिरून काहीतरी शोधत होते.

"काय शोधताय, मामा?"

"भात कुठनं वतायचं गो हिच्यात?"

*

ब्रेकचा किस्सा मात्र हसण्यासारखा नव्हता, निदान तेव्हा. मिस्टरांना पहिल्यांदाच बाजूला बसवून मी तानसाकडे निघाले होते. माहेर दाखवायचं होतं. त्यांना नव्हे, गाडीला! उताराला लागलो आणि ब्रेकवर पाय दिला, तर पाय थेट खाली. परत दिला. परत खाली. समोर वळण, वळणाच्या पलीकडे झाडं.

"ब्रेक नाहीत!" मी ओरडले.

मिस्टरांनी फक्त डॅशबोर्ड धरला. मी गिअर खाली टाकला, हँडब्रेक ओढला, गाडी वळली, पण थांबेना. तेवढ्यात डाव्या हाताला कापलेलं शेत दिसलं, त्यात पेंढ्याची मोठी उडवी. मी डोळे मिटले नाहीत, एवढं सांगते. सरळ आत घातली!

भस्सकन आवाज झाला आणि सगळं पिवळं झालं. दोघांच्या डोक्यावर पेंढा, तोंडात पेंढा. गाडीला ओरखडा नाही, आम्हालाही नाही. माझ्या हातातून स्टिअरिंग सुटेना. मिस्टरांनी माझी बोटं एकेक करून सोडवली.

शेतवाला धावत आला. दोघं धडधाकट आहोत बघून त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणाला, "वैनी, पेंढा पायजे होता तर टेम्पो घेऊन यायचं ना!"

मिस्टरांनी कानातली काडी काढली, हात पुढे केला आणि एकदा पों करून वाजवलं.

"हॉर्न चालतोय," ते म्हणाले.

*

ब्रेक नवे बसवले. स्टार्टर तेवढा अजून लहरी होता. अशात खर्डीहून सविता आली. ती शाळेची व्हॅन चालवते, दोन वर्षांपासून आमची ओळख. तिचं लग्न ठरलं होतं आटगावच्या रुपेशशी, आणि तिला वरातीला माझी लाल गाडीच हवी होती. मी नाही कशाला म्हणते!

लग्न लागलं, जेवणं झाली, रडारड झाली. नवरानवरी सजवलेल्या गाडीत बसले, स्टिअरिंगवर रुपेश. चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्.

"धक्का मारा रे!" कुणीतरी ओरडलं. वऱ्हाडाने धक्का मारला. रुपेशने क्लच झटक्यात सोडला, गाडी उडी मारून बंद. परत धक्का, परत बंद. बँडवाले दमले, वऱ्हाडी दमले. मग शालू नेसलेली सविता नवऱ्याकडे वळली. लग्नानंतरचं तिचं पहिलं वाक्य:

"उतरा. मागं जाऊन धक्का मारा."

रुपेश मुकाट्याने मागे गेला. सविता स्टिअरिंगवर सरकली, दुसरा गिअर टाकला, आणि पुढच्या धक्क्याला गाडी सुरू! मी डाव्या दाराशी धावत होते. "ताई, बसा! आता थांबवत नाय मी!" ती ओरडली. माझी गाडी, मी कशी सोडू? मारली आत उडी! मागे नवरदेव फेटा धरून पळतोय, त्याच्यामागे बँड, आणि आम्ही दोघी आटगावच्या दिशेने सुसाट!

रुपेशच्या दारात पोचलो. त्याची आई ताट घेऊन उभी. तिने सुनेला बघितलं, मग मला.

"रुपेश कुठाय?"

"येतायत. मागनं, बाइकवर," सविता म्हणाली.

आला. घामाने डबडबलेला. मी उतरले, तो माझ्या जागी बसला. आईने दोघांना ओवाळलं आणि म्हणाली, "चल गो, उतर, माप वलांड."

सविताचा एक पाय क्लचवर, दुसरा ॲक्सिलरेटरवर; इंजिन आचके देत होतं.

"आई, उतरले तर गाडी बंद पडंल. परत कोण ढकलणार?"

सासूबाईंनी ताट एका हातात घेतलं. मग उंबऱ्यावरचं तांदळाचं माप उचललं, पुढे आल्या आणि गाडीच्या उजव्या चाकापुढे ठेवलं.

"मग तिथनंच."

सविताने अलगद क्लच सोडला. चाक मापाला लागलं, माप कलंडलं, तांदूळ अंगणभर पसरले. टाळ्या, शिट्ट्या!

"आई, आता बंद करू?" सविताने विचारलं.

"नको नको!" सासूबाईंनी ताट सविताच्या नणंदेच्या हातात दिलं आणि पदर खोचला. "रुपेश, उतर रे. मला एक चक्कर मारायचीय."