अरुंधतीबाईंचं जादा कार्ड

अरुंधतीबाई आमच्या चिंचवडच्या कॉलेजात कार्ड पंच करायच्या. मी तिथे हेडक्लार्क. एकोणऐंशी सालची गोष्ट. विद्यार्थ्याने प्रोग्रॅम कागदावर लिहून द्यायचा, बाईंनी एकेक ओळ एकेका कार्डावर भोकं पाडून उतरवायची आणि तो गठ्ठा शेजारच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर जायचा. नियम एकच, कागदावर असेल तेच पंच करायचं. सात वर्षं झाली तरी बाई टेंपररीच. घरी पिंपळे गुरवला सासूबाई आणि दोन मुली, आणि मिळवणाऱ्या ह्या एकट्या. स्वभावाने मात्र अशा हळव्या, की भाजीवाल्याचा हिशेब चुकला तरी ह्यांनाच वाईट वाटणार!

संध्याकाळच्या डिप्लोमाला एकतीस जण होते. तीस जण साहेबी नोकऱ्यांतले, कडक इस्त्रीचे. एकतिसावा ज्योतीराम, उस्मानाबादकडचा, लेथवर काम करणारा. शिफ्ट संपवून तसाच यायचा, कागदावर ऑइलचे डाग घेऊन. त्याच्या कंपनीने सांगितलं होतं, डिप्लोमा आण, कॉम्प्युटर विभागात घेतो. नाही आणलास तर लेथ आहेच.

परीक्षेला प्रोग्रॅम होता दरवर्षीचाच, साठ कामगारांच्या ओव्हरटाइमचा. इस्त्रीवाल्या तिसांनी काय केलं? डोंबल! आदल्या वर्षीच्या कुणाचा तरी कागद आणला आणि तीसही जणांनी तो उतरवून काढला. त्या कागदात एक चूक होती. एका कामगाराचे तास मोजून झाले की बेरीज पुन्हा शून्यावर आणायची, ती ओळच नव्हती. म्हणजे पहिल्याचा ओव्हरटाइम दुसऱ्याच्या अंगावर, दोघांचा तिसऱ्याच्या. बाईंच्या हे लगेच लक्षात आलं. पोरं नापास होतील म्हणून त्यांनी प्रत्येक गठ्ठ्यात गुपचूप एकेक जादा कार्ड सरकवलं. दरवर्षीच सरकवायच्या! आमच्या कॉलेजचा निकाल शंभर टक्के लागायचा तो असा.

ज्योतीरामने मात्र आपल्या डोक्याने, भलत्याच वाटेने प्रोग्रॅम लिहिला. तीनदा खोडला, तीनदा बाईंकडे आणला. त्याचंही उत्तर बरोबर आलं.

आता आमच्या मुकुंद सरांची अक्कल बघा. शिकवणारे तेच, तपासणारेही तेच. तीस प्रोग्रॅम ओळीला ओळ सारखे, एकच वेगळा. सर म्हणाले, "वर्ग माझा, शिकवणं माझं. तिसांचं जुळतं आणि ह्याचंच जुळत नाही, म्हणजे ह्याने बाहेरून लिहून आणलं!" झालं, प्राचार्य नानासाहेबांनी चौकशी समिती नेमली. दोषी ठरला तर ज्योतीरामच्या कंपनीला तसं पत्र पाठवायचंही ठरलं.

ज्योतीराम समितीपुढे हात बांधून उभा राहिला. "साहेब, म्या कुणाचं बघून न्हाई लिव्हलं. माझं मीच केलंय," एवढंच म्हणत राहिला. नानासाहेब म्हणाले, "पुरावा?"

साक्षीला अरुंधतीबाईंना बोलावलं होतं. 'मला ठाऊक नाही' म्हटलं असतं तरी सुटल्या असत्या हो! त्यांनी तिसांचे गठ्ठे टेबलावर मांडले, प्रत्येकातलं एकेक कार्ड उपसून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, "ही तीस कार्डं माझी आहेत, सर. उरलेलं त्यांचं. ज्योतीरामच्या गठ्ठ्यात माझं एकही नाही. आता चालवून बघा."

कॉम्प्युटरवर चालवून बघितलं. तिसांच्याही छापून आलेल्या कागदावर शेवटच्या कामगाराचा एका आठवड्याचा ओव्हरटाइम आला नऊशे तास! आठवड्याला तास किती, एकशे अडुसष्ट. ज्योतीरामचा तेवढा बरोबर आला. मुकुंद सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मी मनात म्हटलं, वा बाई, जिंकलात!

कसलं काय. तिसांतले निम्मे बड्या कंपन्यांनी फी भरून पाठवलेले, त्यांना नापास कोण करणार? समितीने ठराव केला: ज्योतीराम निर्दोष व उत्तीर्ण. तीस विद्यार्थ्यांच्या गठ्ठ्यांतील एकेक कार्ड चौकशीदरम्यान काढले गेल्याने उत्तर चुकले, सबब तेही उत्तीर्ण. आणि श्रीमती अरुंधती यांनी विद्यार्थ्यांच्या प्रामाणिक प्रयत्नांत ढवळाढवळ केल्याने त्यांची सेवा आजपासून समाप्त.

तो आदेश मी टाइप केला. बाईंनी उभ्या उभ्या वाचला, सही केली. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "सदाशिवराव, ज्योतीराम पास झाल्याचं पत्र गेलं ना त्याच्या कंपनीला?"

"गेलं," मी म्हणालो.

"मग बरं झालं," म्हणाल्या आणि डबा उचलून बसस्टॉपकडे गेल्या.

आता खरं सांगतो, लाज सोडून. कागदावरच्या ओळींपेक्षा तीसेक कार्डं जास्त लागतात, हे दरवर्षी माझ्या रजिस्टरात दिसायचं. मला सगळं ठाऊक होतं, मुकुंद सरांनाही ठाऊक होतं, शंभर टक्के निकाल त्यांच्याच नावावर लागायचा ना! समिती बसली तेव्हा मी दाराशी फाइल घेऊन उभा होतो. माझी नोकरी तर कायम होती. तरी मी एक शब्द बोललो नाही.