सत्यवानाची अंगकाठी

काशिनाथ मास्तर मालवणच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि अंगाने इतके किडकिडीत होते की पोरांनी त्यांना ‘काडी’ असं नाव ठेवलं होतं. मास्तरांना ते पक्कं ठाऊक होतं. राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. “इंग्रजीत बारीक माणसाला इतके शब्द, आणि तुम्हाला एकच सुचावा?” असं म्हणून ते फळ्यावर रांगच मांडत. बारीक असून नीटनेटका तो स्लिम. त्यात डौल असला की स्लेंडर. हातपाय लांबलचक आणि ते ठेवायचे कुठे हे कळत नाही तो लँकी. इथे ते स्वतःकडे बोट दाखवत आणि वर्ग मनमुराद हसून घेई. स्किनी म्हटलं तर समोरच्याला लागतं. गॉन्ट म्हणजे दुखण्याने, उपासमारीने गालफडं बसलेला. फ्रेल म्हणजे हात लावायलाही भीती वाटावी असा. शब्द चुकला की माणूस चुकला, हे ते इतक्यांदा सांगत की पोरं त्यांच्याआधीच म्हणून टाकत.

गावात कुणाकडेही इंग्रजी कागद आला की तो मास्तरांच्या पडवीत यायचा. चौऱ्याऐंशी सालच्या सप्टेंबरात तारकर्लीची हौसाबाई असाच एक कागद घेऊन आली.

तिचा एकुलता एक मुलगा सत्यवान मालवाहू जहाजावर खलाशी होता. जूनमध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत वादळात जहाज फुटलं, सात जण बेपत्ता झाले. कंपनीने फॉर्म पाठवला होता. प्रत्येकाचं वर्णन लिहून द्या, म्हणजे तिकडच्या बंदरांतल्या इस्पितळांत चौकशी करता येईल. महिनाअखेरपर्यंत कागद पोचायला हवा होता. फोटो म्हणाल तर शाळेचा एक ग्रुप फोटो, त्यात सत्यवानाचा चेहरा नखाएवढा.

सत्यवान मास्तरांचाच विद्यार्थी. चांगला दणकट, बाकाची दोघांची जागा एकटा अडवणारा. उंची, रंग, वय लिहून झालं आणि अंगकाठीच्या रकान्यात मास्तरांचं पेन आपसूक ‘स्टाउट’कडे वळलं.

“काय लिवतास?” हौसाबाईने विचारलं.

“जाडो, मजबूत.”

“नाय, मास्तरानु. तो आता तसो नाय. बारीक लिवा.”

“तुका कसा कळला?”

“रोज बारा वाजता येता मां. बावीकडे उभो ऱ्हवता. माका वळाखता, पण बोलणा नाय.”

तिने हे इतक्या सरळपणे सांगितलं की मास्तरांच्या अंगावर भर उन्हात काटा आला. तिची समजूत घालावी म्हणून त्यांनी पेन्सिलीने ‘लीन’, म्हणजे सडसडीत, असं लिहिलं आणि फॉर्म ठेवून घेतला.

पुढच्या रविवारी ती पुन्हा दारात. “पाठवलास काय? नाय मां? बरा झाला. तो आनी बारीक झालो. हात बगा, ढोपराक लागतत.”

लँकी, मास्तरांच्या मनात आलं, आणि आपल्याला शब्द इतक्या चटकन सुचला याची त्यांना लाज वाटली.

तिसऱ्या रविवारी हौसाबाईचा आवाज पार खोल गेला होता. गालात खड्डे पडलेत, डोळे तेवढे उरलेत, आता त्याच्याकडे बघवत नाही, असं ती म्हणाली. ती गेल्यावर मास्तरांची बायको विमला बाक पुसायला आली आणि थबकली. हौसाबाई बसली होती त्या जागेशेजारी ओलं होतं, अगदी अरुंद, वीतभर. चार दिवस पावसाचा थेंब नव्हता.

“तिच्याबरोबर कोण होतं?” विमलाने विचारलं.

“कोणी नाही,” मास्तर म्हणाले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

सकाळी मात्र त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. दुःखाने वेडावलेल्या बाईचं ऐकून भलतंच लिहिलं आणि उद्या खरा सत्यवान कुणाला ओळखू आला नाही तर? त्यांनी पेन्सिलीचा शब्द खोडला, शाईने ‘स्टाउट, वेल-बिल्ट’ लिहिलं आणि कागद रजिस्टर्ड पोस्टाने धाडला. हौसाबाईने विचारलं, “मी सांगलंय तसाच लिवलास मां?” मास्तरांनी मान डोलावली.

डिसेंबरात कंपनीचं पत्र मास्तरांच्या पत्त्यावर आलं. कोळ्यांनी वाचवलेली दोन माणसं तिकडच्या एका इस्पितळात होती, दोघांचीही वाचा गेलेली. एकाचं वर्णन जुळलं. त्याला विमानाने मुंबईला आणलं आणि तो आता घरी हिंडूफिरू लागला होता. दुसरा उंच, लांब हातापायांचा, अतिशय खंगलेला होता. बेपत्ता खलाशांत अशा अंगकाठीचा कुणी नोंदलेला नसल्यामुळे तो कुठल्यातरी दुसऱ्या बोटीचा असावा असं धरलं गेलं. सत्तावीस नोव्हेंबरला तो गेला. पुढे जहाजावरच्या एका सोबत्याने इस्पितळात काढलेल्या फोटोवरून त्याला ओळखलं. तो सत्यवान होता.

मास्तरांनी पत्र चार वेळा वाचलं. इंग्रजीत एकही चूक नव्हती. मग ते सायकल काढून तारकर्लीला निघाले. पोचले तेव्हा बाराचा सुमार होता. माडांत वारा नव्हता. तिच्या विहिरीकडे, त्या बावीकडे, पाहायचं नाही असं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं.

हौसाबाई ओटीवर बसली होती. समोर केळीच्या पानावर भात आणि माशाची कढी वाढलेली, कुणी हात न लावलेली.

“पंधरा दिस झाले, येणा नाय तो,” ती म्हणाली. “पत्र इला?”

मास्तरांनी सगळं वाचून, समजावून सांगितलं. ती रडली नाही. पदराने तोंड पुसून तिने हात जोडले. “तुमी बरोबर लिवलास म्हणान निदान तो खंय होतो ता तरी गावला. देवासारखे धावलास.”

तेवढ्यावर उठून निघून जाता आलं असतं. तिला इंग्रजी येत नव्हतं, कुणी तिला कधीच सांगितलं नसतं. मास्तर उठले नाहीत.

“हौसाबाई, मी तसा लिवक नाय. तू सांगलंस ता खोडून जाडो लिवलंय. म्हणान तेका कोणी वळाखला नाय.”

बराच वेळ ती त्यांच्याकडे पाहत राहिली. आधी तोंडाकडे, मग गळ्याच्या हाडांकडे, मग मांडीवरच्या लांब हातांकडे. तिच्या नजरेतला राग हळूहळू निवत गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते पाहून मास्तर रागापेक्षा जास्त घाबरले. तिने पान त्यांच्यापुढे सरकवलं.

“जेव,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने मास्तरांना कधी एकेरी हाक मारली नव्हती.

नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही. ते जेवू लागले. पहिला घास गेला आणि अशी काही भूक खवळली, महिनोन्‌महिने अन्न न पाहिलेल्या माणसाची, की हात थांबेना. पान रिकामं झालं तरी पोटातला खड्डा तसाच. हौसाबाईने भाताचं भांडं जवळ ओढलं.

“जेव रे झिला,” पोटच्या पोराला म्हणावं तसं ती हळूच म्हणाली, “कितके दिस उपाशी होतंस,” आणि वाढत राहिली.