लवादाचं हजेरीपत्रक

विक्रोळीच्या गाळ्यात आम्ही नणंद-भावजय गणवेश शिवतो. हॉटेलांचे, इस्पितळांचे, शाळांचे. बारा मशिनी, चौदा माणसं आणि दारामागे खिळ्याला टांगलेलं हजेरीपत्रक. वेळेवर आलेल्याला निळी खूण, उशिरा आलेल्याला लाल, न आलेल्याचा चौकोन रिकामा. ते मी भरते. नणंद म्हणते, "हिने स्वतःच्या लग्नात वऱ्हाडाचीपण हजेरी घेतली असती."

अंधेरीच्या एका कंपनीने आमच्याकडून हॉटेलातल्या वेटरांसाठी कोट शिवून घेतले, माल उतरवून घेतला आणि दोन महिन्यांनी कळवलं की रंग मंजूर नमुन्याप्रमाणे नाही. पैसे अडकले. करारात कलम होतं की वाद झाला तर कोर्टात न जाता लवाद नेमायचा. दोघांच्या संमतीने एक निवृत्त न्यायाधीश लवाद झाले. आता त्यांची फी, बैठकीच्या खोलीचं भाडं, आमच्या वकीलबाईंची फी, सगळं आधी आपल्या खिशातून भरायचं.

गाळ्याच्या खात्यात तेवढे नव्हते. नणंदेकडे होते. ती आधी कामाला होती तो कारखाना बंद पडला तेव्हा मिळालेला फंड तिने म्हातारपणासाठी ठेवला होता. तिने चेकबुक काढलं, पण पेन उघडलं नाही.

"वहिनी, मालाचे पैसे आले की ते कापडवाल्याकडे जाणार. माझे कुठून येणार?"

"समोरच्यांकडून."

"देतायत ते! लिहून दे मला."

मी लिहून दिलं. फंडातून जेवढं काढू तेवढं सगळं परत.

वकीलबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, निवाडा आपल्या बाजूने लागेलही. पण खर्च? कायद्याने मागता येतो, हरलेल्याने जिंकलेल्याला द्यावा असंच आहे. तरी पुष्कळदा 'ज्याने त्याने आपापला सोसावा' असं लिहून मोकळे होतात. कारण लोक शेवटी एक मोठा आकडा टाकतात आणि तो कुठून आला हे सांगता येत नाही."

मला येणार होतं. त्याच संध्याकाळी मी गाळ्यातलं एक कोरं हजेरीपत्रक घेतलं. कामगारांच्या नावांच्या जागी लिहिलं: आम्ही, समोरचे, लवाद. प्रत्येक बैठकीला एक रकाना. कोण किती वाजता आलं, काम किती वेळ चाललं, पुढची तारीख कोणी मागितली, त्या दिवशी कोणाला किती दिले. मागे पावती टाचलेली.

घाटकोपरहून मेट्रोने अंधेरी, बैठक, परत. अशा अकरा बैठका झाल्या. त्यातल्या चार समोरच्यांनी बुडवल्या. एकदा त्यांचा साक्षीदार गावी, एकदा कागद सापडेनात, दोनदा नुसताच निरोप. खोलीचं भाडं आणि सगळ्यांच्या फिया मात्र चालूच. मी शांतपणे रिकामे चौकोन सोडत गेले.

आणि एक बैठक मी बुडवली. लवादापुढे ठेवायचा मंजूर नमुना, म्हणजे कंपनीची सही असलेला कोट, गाळ्यात खुंटीवर होता. घाईत मी हुकूम सोडला, "खुंटीवरचं सगळं पॅक करा!" आमच्या माणसांनी तोही इस्त्री करून कुर्ल्याच्या हॉटेलाला पाठवला. बैठकीत मी पिशवी उघडली तर आत हँगर. पुढची तारीख पडली. कोट आम्ही दोन दिवसांनी एका वेटरच्या अंगावरून उतरवून आणला. सहीचं लेबल शाबूत होतं, खिशात बडीशेप होती.

त्या रकान्यात मी स्वतःला लाल खूण केली. नणंदेने पाहिलं.

"येडी झालीस काय गो? आपल्याच हाताने त्यांना दाखवतेस?"

"गाळ्यात मी उशिरा आले तर लाल करते ना?"

"गाळ्यात माझा फंड नसतो!"

युक्तिवाद संपल्यावर लवादांनी दोन्ही बाजूंचा खर्चाचा तपशील मागवला. वकीलबाईंनी माझ्या यादीतून चहा, वडापाव कापले. "मागायला लाज वाटेल ते आधीच काढा." ते तसेही माझ्याच खिशातले होते. लाल रकान्याचा खर्च मी आधीच वगळला होता.

समोरच्यांचा कागद एका पानाचा, त्यावर एक आकडा. आमचं हजेरीपत्रक पाहून लवादांनी चष्मा वर केला. "बाई, हे काय?"

"हजेरी, सर. गाळ्यात ठेवतो तशीच."

समोरचे वकील ताडकन उठले. "यांनी स्वतः एक बैठक वाया घालवलीय! ते नाही दाखवणार! यांच्या यादीवर विश्वास कसा ठेवायचा?"

"तिसरं पान, सर," मी म्हटलं. "लाल शाईत. त्या दिवसाचा खर्च आम्ही मागितलेला नाही."

लवादांनी तिसरं पान काढलं. स्वतःच्या टिपणवहीशी एकेक तारीख ताडून पाहिली. सगळ्या जुळल्या. मग समोरच्यांचं ते एक पान उचललं. "आणि हा आकडा कशाचा?" वकील आपल्या अशिलाकडे बघायला लागले. नणंदेने टेबलाखालून माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

निवाडा आला. मालाचे पैसे व्याजासकट. आणि खर्च, आम्ही मागितला तेवढा पूर्ण. कारण लिहिलं होतं: तपशील बैठकवार, पावत्यांसह, आणि स्वतःची चूकही नोंदवलेला. वकीलबाईंनी तो परिच्छेद फोनवर दोनदा वाचून दाखवला. मी तिसऱ्यांदा वाचायला लावला. कंपनीने थोडी कुरकुर केली, पण अपील न करता पैसे भरले.

त्या दिवशी गाळ्यात पेढे वाटले. सगळ्यांना हाफ डे दिला आणि तरी पत्रकात निळ्या खुणा केल्या. सगळे गेल्यावर नणंद माझ्यासमोर येऊन बसली. पासबुक उघडं, चष्मा नाकावर.

"वहिनी, अभिनंदन. झकास झालं. पण एक बैठक कमी आहे."

"कोटाची."

"तू सगळं परत म्हणाली होतीस. लिहून दिलंयस."

मी ड्रॉवरमधून पाकीट काढून तिच्यापुढे ठेवलं. त्या एका बैठकीचा चेक, माझ्या स्वतःच्या खात्यातला. लाल खूण केली त्याच संध्याकाळी लिहून ठेवलेला, फक्त तारीख आज घातली होती.

तिने आकडा हजेरीपत्रकाशी ताडून पाहिला. चेक पर्समध्ये गेला. मग माझंच पेन उचलून तिने खर्चाच्या शेवटच्या रकान्याखाली लिहिलं, "सर्व मिळाले", आणि सही ठोकली.

"पुढच्या करारात ते लवादाचं कलम राहू दे गो," ती म्हणाली. "फक्त नमुन्याचा कोट माझ्या कपाटात राहील. कुलपात."