तांब्यातल्या चार चिठ्ठ्या

कुरुंद्याच्या बाजूला आमचं गाव. नव्वदच्या दशकात तिथं प्रत्येकाकडे हळद शिजवायची स्वतःची कढई नसायची. आमच्या चार घरांत मिळून एकच होती: आमचं घर, गावातच दिलेल्या आत्याचं घर, शेजारच्यांचं आणि पलीकडच्या मोहल्ल्यातल्या चाचांचं. हळद काढली की घाई सगळ्यांनाच असते. म्हणून कढई आधी कोणाच्या शेतात जायची हे ठरवायला दर वर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. चार घरांच्या चार चिठ्ठ्या तांब्यात घालायच्या, एकेक काढायची, आणि निघालेली चिठ्ठी तिथल्या तिथं हळदीच्या मोठ्या चुलीत, चुलाणात, जाळायची. फार पूर्वी कोणीतरी आपली चिठ्ठी गुपचूप परत तांब्यात सरकवली होती म्हणे. त्या भांडणानंतर जाळायची रीत पडली.

चिठ्ठ्या काढायचं काम माझ्या ताईचं. ती सहा वर्षांची असल्यापासून तिच्याकडेच होतं. पहिल्या खेपेला कोणाचंही घर निघण्याची शक्यता चारात एक. ती चिठ्ठी जळाली की उरलेल्यांसाठी तीनात एक, मग दोनात एक. शेवटच्या चिठ्ठीला तर तांब्यात हात घालायचीही गरज नसे, पण ताई घालायचीच, आणि मोठ्यानं नाव वाचून दाखवायची. एकदा घडलेली गोष्ट पुढच्या गोष्टीची शक्यता बदलते, तिला पुस्तकात परावलंबी घटना म्हणतात, हे मला फार पुढं कळलं. आमच्या गावात ते लहान पोरांनाही ठाऊक होतं. फक्त ते एवढं अंगवळणी पडलं होतं की दुसरं काही असू शकतं, हे कोणाच्या डोक्यातच येत नव्हतं.

ताईचं लग्न आत्याच्याच मुलाशी झालं. आमच्याकडे यात कोणाला काही वावगं वाटत नाही, उलट पोरगी डोळ्यांसमोर राहते म्हणून सगळे खूश होते. वर्षभरात मुलगा झाला. सात-आठ महिन्यांचा झाल्यावर तो पांढराफटक दिसायला लागला. नांदेडच्या डॉक्टरांनी थॅलॅसेमिया सांगितला. मग दर महिन्याला रक्त चढवायला नांदेड. आत्या त्याला पदराखाली घेऊन एस.टी.त बसायची आणि ताई पिशवी धरायची. पुढं पुढं तर त्याला इतकी सवय झाली की नर्स दिसली की तो आपणहून बाही वर करायचा. साडेतीन वर्षांचा होऊन तो गेला. त्या बाहीची आठवण आली की अजूनही मला हातातलं काम ठेवावं लागतं.

डॉक्टरांनी नवरा-बायकोला समोर बसवून नीट समजावलं होतं. दोघांच्याही रक्तात हा दोष अर्धा अर्धा आहे. त्यामुळे होणाऱ्या मुलांत चारात एकाला हा आजार व्हायची शक्यता. पुन्हा दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांत मुंबईला जाऊन पोटातल्या बाळाची तपासणी करून घ्या.

वर्षभरानं ताईला पुन्हा दिवस गेले. दुसरा महिना संपत आला होता. अंगणात हळद वाळत पडली होती आणि आम्ही दोघी ती हातानं पसरत होतो. मी तेव्हा वसमतला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, गणित घेऊन. गावात गणित घेतलेली मी एकटीच पोरगी, आणि त्याचा मला जरा जास्तच ताठा होता.

ताई म्हणाली, "तू गणित शिकून राहिलीस न, मंग मला एक सांग. डॉक्टर चारात एक म्हणले. ते एक तर होऊन गेलं. एक चिठ्ठी जळाली. आता राहिल्या त्या तिन्ही चांगल्याच न?"

मी कोळशाचा तुकडा घेतला. फरशीवर चार गोल काढले, एकावर काट मारली, आणि उरलेले तीन बोटानं मोजून दाखवले.

"व्हय," मी म्हणाले. "तुझा तांब्या आता साफ हाय."

"मंग मुंबईला काहून जायचं?"

"न्हाई गेलीस तरी चालतंय."

तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला! तो तसा व्हावा म्हणूनच मी घाईनं बोलले, असं पुढं कैक वर्षं मी स्वतःला सांगत आले. पण ते अर्धंच खरं. मला खरोखरच ते उत्तर बरोबर वाटलं होतं. संभाव्यतेच्या पेपरात पैकीच्या पैकी मार्क मिळवणारी मी, आणि मला चुलाणात जळणाऱ्या चिठ्ठीपलीकडे काही दिसलं नाही.

चूक कळली ती कॉलेजात. सर कापडी पिशवीतून लाल-पांढरे चेंडू काढत होते. एक लाल चेंडू काढून त्यांनी विचारलं, हा बाहेरच ठेवला तर पुढच्या वेळी लाल निघण्याची शक्यता किती? आणि परत पिशवीत टाकला तर? असली गणितं मी ढिगानं सोडवली होती. चेंडू परत टाकला की प्रत्येक खेप नवी, मागच्या खेपेशी तिचा काही संबंध नाही. या स्वतंत्र घटना. मी वहीत लिहीत होते आणि लिहिता लिहिता मला फरशीवरचे ते चार गोल आठवले. आई-बापाचं रक्त आधीचं मूल लक्षात ठेवत नाही. तिथं काहीच जळत नाही. पहिल्या खेपेला चारात एक, तर दुसऱ्या खेपेलाही चारात एक, आणि तिसऱ्यालाही.

माझा हिशेब ताईनं घरात सांगितला होता, मुंबईला कोणी गेलं नव्हतं, आणि आता तिला पाचवा महिना लागला होता.

गावच्या फाट्यावर उतरले ती घरी न जाता सरळ आत्याच्या दारात. ताई एकटीच तूर पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. माझं चुकलं, हेही सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हंजे चारीच्या चारी चिठ्ठ्या परत तांब्यात हायेत?"

"व्हय."

"आन् त्याची पण?"

मी होकारानं मान हलवली. ती मला बोलली असती, दोन थोबाडीत दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "आता कोणाला सांगू नको. आत्या झोपायची न्हाई."

मुलगी झाली. ती चांगली लाल-गोरी होती, पण पहिलाही जन्मला तेव्हा तसाच होता. ते पहिलं वर्ष आम्ही दोघींनी कसं काढलं, ते आम्हालाच माहीत. मी रोज तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायचे. वर्षानं नांदेडला रक्त तपासलं. आई-बापासारखा अर्धा दोष निघाला, आजार नव्हता.

घरात साखर वाटली. आत्या माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "तू म्हणलीस तसंच झालं बघ. शिकल्याचं चीज झालं." तेव्हा जमिनीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं. पुढं मी वसमतलाच शिक्षिका झाले. रीत चुकून उत्तर बरोबर आलेलं गणित कोणाच्या वहीत दिसलं की मी शून्य देते. पोरी कुरकुरतात. मी ऐकत नाही.

त्या पोरींना आणखी एक गोष्ट मी शिकवते. दोन गोष्टी एकमेकींपासून सुट्या आहेत असं आधीच धरून चालू नका. दोन परक्या घरांतल्या नवरा-बायकोत एकाच्या रक्तात हा दोष असला, म्हणून दुसऱ्याच्याही असेल असं नाही. त्या दोन वेगळ्या तांब्यांतल्या चिठ्ठ्या. आमचे वडील आणि आत्या मात्र सख्खे भाऊबहीण. ताई आणि तिचा नवरा, दोघांनीही एकाच तांब्यात हात घातला होता.

मुलगी तीन वर्षांची झाली तशी आत्या पुन्हा बोलायला लागली. तिला नातू हवा होता. ती काही वाईट बाई नव्हती. गेलेल्या पोराचं झबलं तिनं उशीखाली जपून ठेवलं होतं. पण तिचा हिशेब पक्का होता: एक वाईट निघाली, एक चांगली निघाली, उरल्या त्या दोन्ही चांगल्याच. मी सगळ्यांसमोर सांगितलं की ते चूक आहे, मी चुकीचं सांगितलं होतं. कोणी ऐकेना. पुरावा अंगणात खेळत होता. मुंबईची तपासणी करू म्हटलं तर आत्या म्हणे, चांगल्या लेकरात काय तपासायचं? ताई दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. ती एखाद दिवशी हो म्हणून बसेल की काय, याची मला धास्ती लागली होती.

त्या वर्षी माघात, सकाळी, चुलाणाजवळ चारही घरांची माणसं जमली. ताईनं चिठ्ठ्या काढल्या. चाचांची चिठ्ठी पहिली निघाली, आमची शेवटची. चारही चिठ्ठ्या जळाल्या. माणसं उठायला लागली तशी ताई म्हणाली, "थांबा जरा." माझ्या वहीचं पान घेऊन तिनं चार चिठ्ठ्या केल्या. तीन कोऱ्या ठेवल्या. एकीवर कोळशानं ठिपका काढला आणि ती आत्याला दाखवली. चारही तांब्यात टाकून तिनं तांब्या हलवला.

पहिली काढली. कोरी. ती तिनं घडी घालून परत तांब्यात टाकली.

"जलाव ना बेटी," चाचा म्हणाले.

"न्हाई चाचा. ह्या तांब्यातली जळत न्हाई."

पुन्हा कोरी. पुन्हा परत टाकली. तिसऱ्यांदाही कोरी. चौथ्यांदा ठिपका निघाला. तोही तिनं परत टाकला, तांब्या चांगला हलवला, हात घातला, आणि पुन्हा ठिपकाच निघाला. ताईनं ती चिठ्ठी उघडून आत्यासमोर धरली.

"जाळ ती," आत्या म्हणाली. "जाळून टाक एकदाची."

"आत्या, त्याची चिठ्ठी कोणाच्यानंच जळत न्हाई," ताई म्हणाली. "ती माझ्यापाशीच हाय. दर टायमाला राहील."

तिनं चिठ्ठीची घडी घातली, तांब्यात टाकली आणि पुन्हा हात पुढे केला. आत्या चुलाणाजवळून उठून आली. तिनं तांब्याच्या तोंडावर आपला तळवा दाबून धरला.

"बस, लेकरा," ती म्हणाली. "आता हात नको घालू."