गाडी मी चालवत नव्हते

डॉक्टरांनी माझ्या उजव्या मांडीच्या हाडात सळी घातली आणि मी पुरती शुद्धीवर येते न येते तोच आईने मला खोटं बोलायला सांगितलं.

आदल्या दिवशी मी आणि माझा धाकटा भाऊ अभनपूरकडचं एक लग्न आटोपून स्कूटरने रायपूरला परतत होतो. गाडी तो चालवत होता. मित्रांसोबत मांडवामागे जाऊन तो पिऊन आला होता, हे मला मागे बसल्यावर वासाने कळलं. मी म्हटलं, "थांब, मी चालवते." तो म्हणाला, "दीदी, टेन्शन मत लो." लहानपणापासून आमचं असंच. मी मराठीत बोलायचं आणि त्याने हिंदीत उत्तर द्यायचं. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, भर उन्हात, लांबून दिसेल अशी. त्याला ती दिसली नाही. त्याचं कोपर खरचटलं. माझा पाय गाडी आणि ट्रॉलीच्या मधे सापडला.

दवाखान्यात आई खाटेच्या कडेला बसली होती. वडील रेल्वेच्या नोकरीपायी अमरावतीकडून इथे आले, रायपूरच्या तात्यापारा वस्तीत घर केलं, तिथेच वारले. आईची बोली मात्र अजून तिकडचीच आहे. दाराकडे एकदा बघून ती हळू आवाजात म्हणाली, "भिलाईवाले पोट्ट्याले पाहायला येऊन राहिले. पिऊन होता म्हणून समजलं त लग्न मोडते. गाडी तू चालवत होती, असं सांग."

"मी काहून सांगू?"

"तुले काय फरक पडते?"

खरंच तिला वाटत होतं की मला काही फरक पडत नाही. माझी पस्तिशी उलटली होती, लग्न केलं नव्हतं, एका शाळेत मी मुलींना खेळ शिकवत होते. मी सांगितलं. नर्सला सांगितलं, शेजारणींना सांगितलं, शाळेच्या प्राचार्यांना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "गाडी जरा सांभाळून चालवायची ना."

हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूड राहिला. काठी घेऊन शाळेत गेले तेव्हा मैदानावर नवीन बाई शिट्टी वाजवत होत्या. मला वाचनालयात बसवलं. तिथल्या खिडकीतून मैदान दिसायचं, म्हणून मी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसू लागले.

भावाचं लग्न झालं. स्वागत समारंभात पाहुण्यांच्या घोळक्यात उभा राहून तो अपघाताचा किस्सा सांगत होता. "मैं पीछे से चिल्लाता रह गया, ब्रेक दीदी, ब्रेक. और दीदी सीधे ट्रॉली में." त्याने दोन्ही हातांनी हँडल धरून दाखवलं, डोळे मोठे केले. लोक पोट धरून हसले. त्याची नवी नवरी शेजारी होती, तीही हसली. मी बाजूच्या खुर्चीवर काठी मांडीवर आडवी ठेवून बसले होते. माझ्याकडे लोकांनी पाहिलं तेव्हा मीही हसले.

त्यानंतर मी चालायला लागले. बूढ़ा तालाबाच्या काठाने पहाटे एकटीने. लोक म्हणतात मला जिद्द होती. जिद्द वगैरे काही नव्हती. घरात बसलं की माझ्या छातीत काहीतरी घट्ट व्हायचं आणि चाललं की थोडं सुटायचं, एवढंच. चालण्याने भागेना म्हणून पळून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "पैदल चलिए, बहुत है. दौड़ने का सोचिए मत." मी बुटात टाचेखाली जाड गादी बसवून घेतली आणि तरीही पळाले.

पहिल्या हिवाळ्यात गुडघ्याजवळचा सळीचा स्क्रू आतून टोचायला लागला. तो काढायला पुन्हा शस्त्रक्रिया झाली, पुन्हा खाट. उठले, पुन्हा सुरुवात केली, तर पावसाळ्यात डेंग्यूने पाडलं, केस गळाले, जिना चढताना दम लागायचा. त्या वर्षी थंडीतल्या शर्यतीत नाव दिलं होतं, ती मी घरात झोपून काढली. आई दारात उभी राहून म्हणायची, "लंगडत लंगडत काहून धावते? लोक पाहून राहिले." ट्रॉलीवर आदळले तेव्हाही लोक बघतच होते, असं तोंडावर यायचं. मी गिळायचे.

पुढच्या थंडीत मी नवा रायपूरच्या पूर्ण मॅरेथॉनला उभी राहिले. तिकडचे रस्ते भलतेच रुंद, दोन्ही बाजूंना सरकारी इमारती, माणूस औषधाला नाही. पहिला अर्धा भाग बरा गेला. अर्धी मॅरेथॉन धावणारे आपल्या वळणाने निघून गेले आणि रस्ता एकदम ओस पडला. ऊन चढलं. आधी डाव्या पोटरीत गोळा आला; चांगला पाय तोच, आणि इतके दिवस दोन्हींचा भार त्याच्यावर होता. मी दुभाजकावर बसून पोटरी दाबली. मग उजव्या टाचेचा फोड फुटला. बूट काढला तर मोजा लाल झालेला. गादी काढून टाकली तर कमरेतून कळ निघायची, ठेवली तर टाच पेटायची. डोक्याला बांधलेला रुमाल घडी करून गादीवर ठेवला, बूट चढवला आणि उठले. पळणं संपलं होतं. आता नुसतं ओढणं होतं.

मागे राहिलेल्यांना उचलणारी गाडी माझ्या बाजूने हळूहळू चालू लागली. आतला माणूस भला होता. म्हणाला, "मैडम, बैठ जाइए. कोई देख थोड़ी रहा है."

मी म्हटलं, "मालूम है भैया."

तो आणखी थोडा वेळ सोबत राहिला, मग एक पाण्याची बाटली देऊन पुढे गेला. तेवढ्या रस्त्यावर मी स्वतःला काय सांगत होते, ते प्रेरणेच्या भाषणात सांगण्याजोगं नाही. मी भावाला मनात पुन्हा त्या स्वागत समारंभात उभा करत होते. तो हँडल धरून दाखवायचा, ब्रेक दीदी, ब्रेक म्हणायचा, आणि मी पुढचं पाऊल टाकायचे. त्याच्याबद्दल मला जे वाटत होतं, ते मी त्या दिवसाआधी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.

शेवटची कमान दिसली तेव्हा माणसं तिच्या दोऱ्या सोडत होती. खाली माझा भाऊ उभा होता, त्याची बायको होती, आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. मी कुणालाच बोलावलं नव्हतं. भावाने मोबाइल माझ्यावर रोखला होता आणि तो बोलत होता, "ये हैं मेरी दीदी. अपनी ही गलती से एक्सीडेंट हुआ था, पैर टूट गया, लेकिन हमने इनको हिम्मत नहीं हारने दी."

मी रेघ ओलांडली. गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिले. श्वास जरा स्थिरावल्यावर मोबाइलकडे पाहून म्हटलं, "गाडी मी चालवत नव्हते. हा चालवत होता. पिऊन."

त्याने मोबाइल खाली घेतला. "दीदी, आप थक गई हो."

मी त्याच्या बायकोकडे वळले. "तुला हे लग्नाआधी सांगायला हवं होतं."

तिने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. तिला अवघडल्यासारखं झालं होतं. "मले माहीत आहे दीदी," ती म्हणाली. "साखरपुड्याच्या आधीच सांगितलं यांनी. रडले होते. मी माझ्या बाबांना पण सांगितलं."

"ते काय म्हणाले?"

"म्हणाले, पोरगा खरं बोलला. मनाचा साफ आहे."

मी विचारलं, "मग त्या दिवशी तू हसलीस काहून?"

"सगळे हसून राहिले होते," ती म्हणाली.

आई पदर सारखा करत होती. मी तिच्याकडे पाहिलं. "तुले माहीत होतं?"

"लग्न झाल्यावर समजलं," ती म्हणाली. "तवा काहून उकरून काढायचं? लोकाईले त सांगून झालं होतं."

म्हणजे ज्यांच्यापासून लपवायचं होतं, त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. ते खोटं मग उरलं कुणासाठी? माझ्या शाळेसाठी, आमच्या गल्लीसाठी, त्याच्या किश्शासाठी. त्याला खरं बोलल्याची शाबासकी मिळाली होती आणि खोटं बोलायचं काम माझ्याकडे तसंच राहू दिलं होतं, कारण ते मी तक्रार न करता करत होते. कुणीतरी माझ्या गळ्यात पदक घातलं. मला धड चालता येत नव्हतं म्हणून घरी त्यांच्याच गाडीतून जावं लागलं. वाटेत भावाने रेडिओ लावला.

त्याने तो व्हिडिओ माझ्या वाक्याच्या आधी कापून सगळीकडे पाठवला. शाळेत लोक अभिनंदन करायला आले. एक सर म्हणाले, "गलती सबसे होती है मैडम, आपने करके दिखा दिया." मी प्राचार्यांच्या खोलीत जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "आता इतक्या वर्षांनी कशाला?" मैदानाचं त्यांनी काही काढलं नाही. मीही मागितलं नाही. तोवर डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहून पळणं कायमचं बंद केलं होतं. सळीच्या टोकापाशी हाडाला बारीक तडा गेला होता. गल्लीतल्या एका काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, भावाबद्दल असं बोलू नये, एकुलता एक आहे.

त्या उन्हाळ्यात मी पुरानी बस्तीत तळमजल्यावर एक खोली घेतली. आई फोन करते. सुनेला दिवस गेले आहेत, डोहाळजेवणाला ये म्हणाली.

"पाहीन," मी म्हटलं.

"राग सोड आता. तो तुझी किती तारीफ करते लोकाईपाशी."

कुकरची शिट्टी झाली म्हणून मी फोन ठेवला. डोहाळजेवणाला गेले नाही.