नांदुऱ्यात एकच तिकीट

वरवट बकालहून सकाळी नऊच्या काळीपिवळीत (प्रवासी जीप) बसलो, तेव्हा मंगलताईच्या मांडीवर शिदोरी होती आणि माझ्या पायाशी पुण्याची बॅग. संध्याकाळी नांदुऱ्याहून माझी रेल्वे होती. त्याआधी बाराचा सिनेमा.

हा सिनेमा पुण्यात माझ्या घराजवळच लागला होता. मुद्दाम पाहिला नव्हता, कारण त्यातला वीर मला ताईनं दिला होता. मला वाचता येत नव्हतं तेव्हा रद्दीतल्या चित्रकथा ती वाचून दाखवायची. पहिल्या अंकात वीर विहिरीत पडतो, वर वीज कोसळते आणि त्याच्या अंगात बळ येतं. त्या अंकाची शेवटची पानं फाटलेली होती. त्याला बाहेर कोणी काढलं, हे आम्हाला कधी कळलंच नाही. ताई दर वेळी नवा शेवट रचायची.

मागे सातपुडा निळसर होत गेला. दोन्ही बाजूंना कपाशी फुटायला आलेली. पूर्णेच्या पुलावर ताईनं हात जोडले. शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कुठी चालले बहीणभाऊ?"

"सिनेमाले," ताई ठसक्यात म्हणाली.

"देवाचा हाय का?"

"नाही बाबा, इजेचा." (विजेचा.)

बाबा उतरेपर्यंत हसत होते.

पुढे जीप पंक्चर झाली. चाक बदलेपर्यंत पाऊण तास गेला. नांदुऱ्यात पोचून थिएटरकडे जवळजवळ धावतच गेलो, तर खिडकीतला माणूस म्हणाला, "एकच उरलं भाऊ. कोपऱ्यातलं."

मी ताईकडे पाहिलं.

"तू जाय," ती म्हणाली. "मी बसतो अठी (इथे). तुयी बॅग सांभाळतो."

"नको ताई, राहू दे."

"काऊन? एवढ्या लांबून आला ना बे? जाय."

मी गेलो. पुण्यात तोच सिनेमा दुसऱ्या दिवशीही बघता आला असता. ते मला माहीत होतं, तरी गेलो.

मध्यंतरात बाहेर आलो. फाटकाच्या गजांमधून ताईनं ठेचा लावलेली भाकरी दिली. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता.

"इहिरीतून काढलं का त्याले?"

"अजून नाही."

उरलेला अर्धा सिनेमा तिला बघू द्यावा, असं तेव्हा मनात आलं. तिकीट माझ्या खिशातच होतं. तेवढ्यात घंटा झाली आणि घास तोंडात तसाच घेऊन मी आत पळालो.

सिनेमा सुटल्यावर तर मी कहरच केला. ती दिसताच ओरडलो, "ताई, विहीर खोदणाऱ्या म्हाताऱ्यानं काढलं त्याला! दोर तुटतो, तरी तो खाली उतरतो!"

"हाव?" ती म्हणाली. "म्या तं त्याच्या मायले इहिरीत उतरोलं होतं."

समोरच्या हॉटेलात भजी मागवली. म्हटलं, "पुढच्या रविवारी तू पाहून ये."

"आता पाहून काय करू? तुवा सांगूनच टाकलं." ती हसली, आणि माझ्या पुढ्यातली मिरची उचलून तिनं आपल्या कागदावर घेतली.

स्टेशनवर ती गाडी हलेपर्यंत थांबली. नंतर आपली जीप पकडायला गेली. वाटेत मी डोळे मिटून पडून राहिलो, पण झोप लागली नाही.

पुण्यात पोचल्यावर तिसऱ्या दिवशी घराजवळच्या थिएटरवरून गेलो. पोस्टर अजून होतं. आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतील. तिथूनच ताईला फोन लावला. तिथं तीन तास तिनं काय केलं, हे मी तिला विचारलंच नव्हतं.

"मंगं काय," ती म्हणाली, "थेटराच्या मागल्या भितीले (भिंतीला) कान लावून बसली होती. आतला आवाज येते ना बाहीर. सारा आयकला म्या. फक्त त्याले कोनं काढलं तेवढं तवा समजलं नाही. ऐन त्याच टायमाले लोकायनं लय टाळ्या वाजोल्या."

त्या टाळ्यांत सगळ्यात जोराच्या माझ्या होत्या.