सुतकाच्या दारापुढे थांबलेली पालखी

आमच्या गावची देवी कधी चुकत नाही. चौलच्या वाड्यांपासून रेवदंड्याच्या खाडीपर्यंत कुणालाही विचारा. चैत्रात एकदा ती, म्हणजे तिचा फुलांनी झाकलेला मुखवटा, पालखीत बसून बाहेर पडते आणि कुठल्या दारापुढे थांबायचं, कुठल्या नाही, हे तिचं तिला कळतं. मी त्या गावात बावीस वर्षं मास्तरकी केली; देवी चुकलेली मी पाहिली नाही. पालखीपुढे चालणारे मानकरी मात्र दोनदा उकिरड्यात उतरलेले पाहिले. तो पालखीचा जुना मार्ग आहे, असं मागाहून ठरलं.

थांबण्याचा नियम साधा होता. पालखी दारात आली की घरची बाई खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालते आणि देवीची ओटी भरते. ज्या घरात वर्षाच्या आत कुणी गेलं असेल, तिथे पालखी थांबत नाही. ढोल बंद होतो, घरचे दार लोटून आत बसतात आणि सगळा गाव नुसत्या पावलांच्या आवाजात त्या दारावरून जातो. ढोल-सनई, अबदागिरी, मानकऱ्यांचे फेटे यांचं मला कधी विशेष वाटलं नाही. त्या पावलांच्या आवाजाने मात्र भर दुपारी अंगावर काटा येई.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. शेजारच्या घरचा मुलगा कौलं वाहणाऱ्या मचव्यावर खलाशी होता. आश्विनातल्या वादळात मचवा बुडाला. दोन खलाशी रेवदंड्याच्या किनाऱ्याला लागले, मेलेले. हा लागला नाही. मागे म्हातारा बाप आणि दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली बायको. चैत्र आला तसा प्रश्न उभा राहिला: या घराला सुतक आहे की नाही? पालखी थांबली तर ती सवाष्ण, पुढे गेली तर विधवा. मानकऱ्यांनी तीन बैठका घेतल्या आणि माणसांना ठरवायचं नसलं की जे ठरतं तेच ठरलं: देवी ठरवेल.

त्या वर्षी मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या गावच्या पोरांना रजा मिळाली नाही. खांदे कमी पडले, म्हणून पुढच्या दांड्याच्या डाव्या बाजूला मला घातलं. उजव्या बाजूला मिठागरावर काम करणारा एक तरुण होता, काळा, रुंद, मुका म्हणावा इतका अबोल. त्या दिवशी मात्र तो सारखा बोलत होता.

"मास्तर, पाय उचला वो."

"अरे, दमलो."

"दमायचं तं म्होरल्या दारात दमा. हितं न्हाय."

ताडीची घाई असेल, असं मला वाटलं.

तिच्या घराशी आलो तेव्हा ढोलवाल्याने आपण होऊनच टिपऱ्या खाली केल्या. सगळे गप्प. दार अर्धं लोटलेलं होतं. ती उंबऱ्याच्या आत उभी होती, एक हात दाराच्या फळीवर, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. सासऱ्याने दोन्हींची तयारी करून ठेवायला सांगितली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. कसली, ते मी वाचलं. आणि वाचण्यात गावात माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

माझ्या घरी आलवणातली आत्या होती. वयाच्या सतराव्या वर्षापासून ती माजघराच्या एका कोपऱ्यात राहिली आणि तिथेच संपली. विधवांच्या दुःखावर तर मी कपाटभर वाचलं होतं. मी पाय रोवले.

उजवीकडच्या तरुणाने पालखी पुढे ढकलली, मी मागे धरली. दांडा करकरला, पालखी जागच्या जागी डोलायला लागली. मागून कुणीतरी ओरडलं, "जड झाली! पालखी जड झाली!" गुरवाने हात वर केले, "आई थांबली गो! धनी जित्ता हाय तुजा!" आणि ढोल असा फुटला की माझे शब्द मलाच ऐकू आले नसते. तसं मी काही बोलतही नव्हतो.

म्हातारा ओटीवर बसून रडत होता. ती बाहेर आली. उजव्या बाजूच्या तरुणाच्या पायांवर तिने पाणी घातलं, सावकाश, तांब्या रिकामा होईतो. माझ्या पायांना उरलं नाही.

आठ दिवसांनी शाळा झाडायला येणारी म्हातारी म्हणाली, "पोरीचं नशीब, मास्तर. पालखी गेली असती तं वरीस सरल्यावर मिठागरवाला तिच्याशी पाट लावनार व्हता. सासऱ्यानंबी व्हय म्हनलंवतं. आता देवीच नगं म्हनली."

नवरा गेलेल्या बाईला त्यांच्यात दुसरं लग्न करता येतं, हे माझ्या कपाटात कुठेच नव्हतं.

आता तिचा नवरा जिवंत होता, म्हणजे तो कुठेतरी असायला हवा होता. कुणाला मांडव्याच्या धक्क्यावर पाठमोरा दिसला, कुणाला मुंबईत भाऊच्या धक्क्यावर. दर चैत्रात गुरव त्याच्या नावाने गाऱ्हाणं घाली. त्याआधी ती नवऱ्याच्या वहाणांना तेल लावून त्या पडवीत मांडून ठेवी, पुढचा भाग घराकडे करून. मिठागरवाल्याने दोन वर्षं वाट पाहिली, मग उरणकडची मुलगी केली. मधल्या काळात आणे जाऊन नवे पैसे आले, मैल जाऊन किलोमीटर आले, राज्य बदललं. तो मात्र जिवंतच होता. मी संध्याकाळी पडवीत बसलो की शेजारच्या वहाणा दिसत. त्या झिजत नव्हत्या.

बारा वर्षं भरल्यावर शास्त्राप्रमाणे गवताचा पुतळा जाळला. पुढच्या चैत्रात तिच्या दारापुढे ढोल बंद झाला. दार पुरतं लोटलेलं होतं. मी मागून चालत होतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी पावलांच्या आवाजात तेल दिलेल्या वहाणांची करकर होती, आणि पालखीबरोबर तर सगळेच अनवाणी चालतात.

दुसऱ्या दिवशी मी देवळात गेलो. गुरव समईची वात सारत होता.

"त्या साली पालखी देवीने थांबवली नाही," मी म्हणालो. "मी थांबवली."

"तुमी कोन थांबवनार? आई तुमच्या पायात आली."

"मग आई चुकली."

त्याने समईत तेल घातलं.

"आई चुकत न्हाय, मास्तर," तो म्हणाला. "त्या साली मुखवट्याचं नाक निघालंवतं. सोनाराकडं दिलता. फुलांखाली कोन बघतंय? पालखीत नारळ व्हता."